सरकारचं गुपित छापणं हा गुन्हा आहे का?

२६ जून २०२४ रोजी प्रशांत महासागरातल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या सायपान बेटावर, अमेरिकेच्या जिल्हा न्यायालयात, गुप्त कागदपत्रं प्रसिद्ध करणाऱ्या विकिलीक्स या संकेतस्थळाचे संस्थापक ज्युलियन असांज यांनी एक गुन्हा कबूल केला. अमेरिकेच्या संरक्षणासंबंधीची कागदपत्रं मिळवण्याचा आणि उघड करण्याचा कट केला, असा तो गुन्हा. शिक्षा झाली ६२ महिन्यांची. तेवढा काळ त्यांनी लंडनच्या बेलमार्श तुरुंगात आधीच काढलेला होता, त्यामुळे ते त्याच दिवशी सुटून ऑस्ट्रेलियाला घरी गेले.

कुणाला या सुटकेचा आनंद झाला, कुणाला संताप आला. त्या गडबडीत एक गोष्ट मागे पडली. हा कबुलीजबाब ज्या कायद्याखाली घेतला गेला तो १९१७ सालचा एस्पिओनाज ॲक्ट, म्हणजे हेरगिरीविरोधी कायदा. सरकारी कागद बाहेर फोडणाऱ्या नोकरांना या कायद्याखाली आधीही शिक्षा झाल्या होत्या. पण ते कागद ज्याने लोकांसमोर मांडले, त्याला गुन्हेगार ठरवणं अमेरिकी सरकारला शंभर वर्षांत जमलं नव्हतं. ते सायपानमध्ये जमलं, आणि हे राज्यघटनेत बसतं का याचा निकाल कुठल्याही वरिष्ठ न्यायालयाने दिलेला नसताना जमलं. असांज यांच्याबद्दल तुमचं मत काहीही असो, बातमी छापणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीने ही मोठी घटना आहे. ती समजून घ्यायची तर थोडं मागे जावं लागेल.

फोडणारा आणि छापणारा

आधी दोन माणसांमधला फरक. एक असतो आतला माणूस. सैन्यातला विश्लेषक, गुप्तचर खात्यातला तंत्रज्ञ, मंत्रालयातला अधिकारी. त्याच्या हाती कागद विश्वासाने सोपवलेले असतात आणि गुप्तता पाळण्याच्या करारावर त्याने सही केलेली असते. तो कागद बाहेर देतो तेव्हा दिलेला शब्द मोडतो. त्याचं कारण कितीही चांगलं असलं तरी शब्द मोडल्याची किंमत त्याच्याकडून मागितली जाणार, हे समजण्यासारखं आहे. ती किंमत किती असावी हा वादाचा भाग.

दुसरा माणूस बाहेरचा. पत्रकार, संपादक, प्रकाशक. त्याने सरकारला कसलाही शब्द दिलेला नाही, कुठे सही केलेली नाही. त्याच्याकडे कागद येतो, तो खरा आहे का हे तो तपासतो, त्यात लोकांनी जाणून घ्यावं असं काही आहे का हे पाहतो आणि छापतो. अमेरिकेत पहिल्या घटनादुरुस्तीने मुद्रणस्वातंत्र्याला संरक्षण दिलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये बार्टनिकी विरुद्ध व्हॉपर या खटल्यात असंही म्हटलं, की माहिती मूळ कुणीतरी बेकायदा मिळवलेली असली, पण प्रसारमाध्यमाचा त्या बेकायदा कृत्यात हात नसला आणि विषय सार्वजनिक महत्त्वाचा असला, तर ती प्रसिद्ध केल्याबद्दल शिक्षा करता येत नाही. मात्र तो खटला एका शिक्षक संघटनेच्या चोरून ध्वनिमुद्रित केलेल्या फोन संभाषणाचा होता. सरकारी गुपितांचा प्रश्न त्यात नव्हता.

सामान्य माणसाला वाटतं की या दोघांसाठी दोन वेगळे कायदे असतील. तसं नाही. दोघांवरही तोच कायदा चालवता येतो, आणि तो मुळात या दोघांपैकी कुणासाठीच केलेला नव्हता.

युद्धातला कायदा

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. दोन महिन्यांनी, १५ जूनला, अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी एस्पिओनाज ॲक्टवर सही केली. विल्सन यांना त्यात वर्तमानपत्रांवर सेन्सॉरशिप लादण्याचा अधिकारही हवा होता. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तो दिला नाही. सिनेटमध्ये ते कलम अवघ्या एका मताने वगळलं गेलं. इतिहासातली ही छोटी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण युद्ध सुरू असतानासुद्धा त्या वेळच्या लोकप्रतिनिधींनी हेर आणि वर्तमानपत्र यांत फरक केला होता.

तरी उरलेला कायदा पुरेसा धारदार होता. समाजवादी नेते यूजीन डेब्स यांनी ओहायोतल्या कँटन गावी युद्धविरोधी भाषण केलं, म्हणून १९१८ मध्ये त्यांना याच कायद्याखाली दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० ची अध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी तुरुंगातून लढवली आणि नऊ लाखांहून जास्त मतं मिळवली. भाषणांवर वापरलेली ती कलमं पुढे मागे पडली. राहिलं ते कलम ७९३, ज्यावर आजचा सगळा वाद आहे.

या कलमात 'राष्ट्रीय संरक्षणाशी संबंधित माहिती' असा शब्दप्रयोग आहे. कागदावर 'गोपनीय' किंवा 'अतिगोपनीय' असा शिक्का आहे की नाही, यावर हे कलम चालत नाही. ते शिक्के नंतर, अध्यक्षांच्या आदेशांनी आले. १९५० मध्ये कायद्यात भर घालून असं ठरवलं गेलं, की ज्याला अधिकार नाही अशा कुणाहीकडे अशी कागदपत्रं असली, आणि त्याने ती जाणूनबुजून दुसऱ्याला दिली किंवा सरकारला परत न करता स्वतःकडे ठेवली, तर तोही गुन्हा. प्रत्येक आरोपाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा. शत्रूला मदत करायचा हेतू होता हे सिद्ध करावं लागत नाही. प्रत्यक्ष नुकसान झालं हेही सिद्ध करावं लागत नाही. शब्दशः वाचलं तर गोपनीय कागद छापलेलं वर्तमानपत्र विकत घेऊन जपून ठेवणारा वाचकही यात अडकू शकतो, हे कायद्याचे अभ्यासक अनेक दशकं सांगत आले आहेत.

मग शंभर वर्षं वर्तमानपत्रं सुटली कशी? सरकारने हा कायदा त्यांच्यावर चालवायचं टाळलं, म्हणून. मोह मात्र वेळोवेळी झाला.

१९४२ चं उदाहरण बोलकं आहे. मिडवेच्या नौदल लढाईत अमेरिकेने जपानचा मोठा पराभव केला आणि लगेचच, ७ जूनला, 'शिकागो ट्रिब्यून'ने बातमी छापली की जपानचा बेत अमेरिकी नौदलाला आधीच माहीत होता. बारकाईने वाचणाऱ्याला त्यातून कळू शकत होतं की अमेरिकेने जपानचे सांकेतिक संदेश फोडले आहेत. यापेक्षा खरं, जिवंत, माणसांच्या प्राणांशी जोडलेलं गुपित शोधून सापडणार नाही. सरकारने प्रकरण ग्रँड ज्यूरीपुढे, म्हणजे आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, नेलं. पण नुकसान काय झालं हे पटवायचं तर 'होय, आम्ही त्यांचे संकेत फोडले आहेत' असं सांगावं लागणार होतं, आणि नौदल त्याला तयार नव्हतं. ग्रँड ज्यूरीने आरोप ठेवायला नकार दिला.

ही घटना दोन्ही बाजूंनी विचार करायला लावते. काही गुपितं खरोखर राखायला हवीत. सगळं उघड करा म्हणणारा माणूस युद्धातल्या पाणबुडीत बसलेला नसतो. दुसरीकडे, छापून आलेल्या गोष्टीवर खटला भरला की सरकार स्वतःच तिच्या खरेपणाचा पुरावा देतं.

व्हिएतनामचे सात हजार कागद

या विषयाचा पाया म्हणजे पेंटागॉन पेपर्सचं प्रकरण. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी १९६७ मध्ये व्हिएतनाममधल्या अमेरिकेच्या निर्णयांचा एक गुप्त इतिहास लिहून घेतला. ४७ खंड, सुमारे ७,००० पानं. एकामागून एक आलेल्या सरकारांनी युद्धाबद्दल जनतेला एक सांगितलं आणि आत दुसरंच मानलं, हे त्यातून दिसत होतं. या अभ्यासावर काम केलेले डॅनियल एल्सबर्ग यांनी त्याच्या झेरॉक्स प्रती काढून 'न्यूयॉर्क टाइम्स'ला दिल्या. १३ जून १९७१ रोजी पहिला भाग छापून आला. दोनच दिवसांत निक्सन सरकारने न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. मग 'वॉशिंग्टन पोस्ट'ने छापायला सुरुवात केली.

३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ अशा बहुमताने वर्तमानपत्रांच्या बाजूने निकाल दिला. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात हा विजय म्हणून शिकवला जातो, आणि तो विजय आहेच. पण नेमकं काय जिंकलं ते पाहायला हवं. न्यायालयाने ठरवलं ते एवढंच, की छापण्याआधी रोखायचं असेल तर सरकारवर पुराव्याचं फार मोठं ओझं असतं आणि या प्रकरणात सरकारला ते पेलता आलं नाही. छापल्यानंतर खटला भरता येईल का, यावर निर्णय झालाच नाही. उलट न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी, वर्तमानपत्रांच्या बाजूने मत देतानाच, नंतर फौजदारी कारवाईचा मार्ग सरकारला मोकळा आहे असं सुचवून ठेवलं. नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी वेगवेगळी मतं लिहिली, त्यामुळे पुढच्या प्रत्येकाला हवं ते वाक्य त्यात सापडतं.

आधी रोखणं आणि नंतर शिक्षा करणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे इथे पक्कं ध्यानात ठेवायला हवं. अमेरिकेत पहिलं दार जवळजवळ बंद आहे. दुसरं उघडं राहिलं. दहा वर्षांच्या तुरुंगवासाची टांगती तलवार असेल तर मनाई हुकूम कशाला लागतो? संपादकाचा वकीलच बातमी थांबवेल.

त्या खटल्यात सरकारची बाजू मांडली होती सॉलिसिटर जनरल अर्विन ग्रिसवोल्ड यांनी. ही कागदपत्रं छापली तर राष्ट्राच्या सुरक्षेला गंभीर धोका आहे असं त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं होतं. अठरा वर्षांनी, १९८९ मध्ये, त्याच ग्रिसवोल्ड यांनी 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये लेख लिहून कबूल केलं की त्या प्रकाशनामुळे सुरक्षेला धोका झाल्याची खूणसुद्धा आपल्याला कधी दिसली नाही, आणि गोपनीयतेचे शिक्के प्रमाणाबाहेर मारले जातात. त्यामागची मुख्य काळजी सुरक्षेची नसते, सरकारची अडचण होऊ नये ही असते. सरकारच्याच सर्वोच्च वकिलाने हे लिहावं यापेक्षा भक्कम साक्ष मला माहीत नाही.

एल्सबर्ग यांच्यावर मात्र खटला चालला. सगळे आरोप सिद्ध झाले असते तर ११५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकली असती. त्यांच्या वकिलांनी त्यांना साक्षीच्या पिंजऱ्यात विचारलं, तुम्ही या प्रती का काढल्या? फिर्यादी पक्षाने हरकत घेतली आणि न्यायाधीशांनी ती मान्य केली, असं एल्सबर्ग पुढे आयुष्यभर सांगत राहिले. 'का' हा प्रश्न या कायद्यात अप्रस्तुत ठरतो. ज्यूरीला ते उत्तर ऐकायलाच मिळालं नाही. खटला अखेर मे १९७३ मध्ये रद्द झाला, पण तो त्या प्रश्नावर नाही. निक्सन यांच्या माणसांनी एल्सबर्ग यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचं कार्यालय फोडलं होतं, बेकायदा फोन ऐकले होते, आणि खटला चालू असतानाच न्यायाधीशांना एफबीआयच्या प्रमुखपदाबद्दल विचारलं गेलं होतं. सरकारच्या गैरवर्तनामुळे एल्सबर्ग वाचले. कायदा होता तसाच राहिला.

आधी आतले, मग बाहेरचे

प्रसारमाध्यमाला माहिती दिल्याबद्दल या कायद्याखाली दोषी ठरलेला पहिला माणूस म्हणजे नौदलातला विश्लेषक सॅम्युअल मॉरिसन. त्याने सोव्हिएत जहाजाची उपग्रह छायाचित्रं 'जेन्स डिफेन्स वीकली'ला दिली. १९८५ मध्ये दोषी ठरला, २००१ मध्ये क्लिंटन यांनी माफी दिली. त्यानंतर बराच काळ असे खटले तुरळकच होते. त्यांचा वेग वाढला तो ओबामांच्या काळात. विकिलीक्सला लष्करी कागद देणाऱ्या सैन्यातल्या विश्लेषक चेल्सी मॅनिंग यांना २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली, जी ओबामांनीच जाता जाता कमी केली. पुढे ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत रिअ‍ॅलिटी विनर यांना, रशियाच्या निवडणूक हस्तक्षेपाबद्दलचा एक अहवाल बाहेर दिल्याबद्दल, पाच वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. ड्रोन हल्ल्यांची कागदपत्रं देणाऱ्या डॅनियल हेल यांना २०२१ मध्ये ४५ महिन्यांची.

या सगळ्यांत, गुप्तचर खात्यासाठी काम केलेले तंत्रज्ञ एडवर्ड स्नोडेन यांचं प्रकरण कायद्यातली विसंगती सर्वांत स्पष्ट दाखवतं. २०१३ मध्ये त्यांनी दिलेल्या कागदांवरून 'गार्डियन' आणि 'वॉशिंग्टन पोस्ट'ने छापलं की सरकार कोट्यवधी नागरिकांच्या फोनच्या नोंदी सरसकट गोळा करतं. २०१४ मध्ये दोन्ही वर्तमानपत्रांना लोकसेवेसाठीचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने ती सरसकट नोंद कायद्याला धरून नव्हती असं म्हटलं आणि काँग्रेसने कायदा बदलून ती थांबवली. बातमी खरी ठरली, महत्त्वाची ठरली, सुधारणा घडवणारी ठरली. ती देणाऱ्यावरचे आरोप मात्र कायम आहेत आणि तो रशियात आहे. अधिकृत मार्गाने, म्हणजे खात्याच्या महानिरीक्षकाकडे किंवा काँग्रेसच्या समितीकडे तक्रार करणाऱ्याला अमेरिकी कायदा काही संरक्षण देतो. गोपनीय माहिती घेऊन वर्तमानपत्राकडे जाणाऱ्याला देत नाही.

याच सुमाराला बाहेरच्यांकडेही बोट वळू लागलं होतं. २०१३ मध्ये उघड झालं की एफबीआयने फॉक्स न्यूजचे बातमीदार जेम्स रोझेन यांचे ईमेल तपासण्याची परवानगी मागताना त्यांचा उल्लेख गुन्ह्यातला संभाव्य सहकटकर्ता असा केला होता. त्यांनी केलं काय होतं? एका अधिकाऱ्याकडे उत्तर कोरियाबद्दल माहिती मागितली होती. रोझेन यांच्यावर आरोप ठेवला गेला नाही, पण बातमीदाराने सूत्राकडे माहिती मागणं म्हणजे कट, हा विचार सरकारी कागदावर उतरला होता.

असांज यांच्यावरचे आरोप

२०१० मध्ये मॅनिंग यांनी दिलेल्या सामग्रीतून विकिलीक्सने बरंच काही प्रसिद्ध केलं. २००७ साली बगदादमध्ये अमेरिकी हेलिकॉप्टरने केलेल्या गोळीबाराची चित्रफीत, ज्यात रॉयटर्सचे दोन कर्मचारी मारले गेले. अफगाणिस्तान आणि इराक युद्धांच्या नोंदी. आणि अडीच लाखांहून जास्त राजनैतिक तारा, म्हणजे दूतावासांनी पाठवलेले संदेश. 'गार्डियन', 'न्यूयॉर्क टाइम्स', 'डेर श्पीगल', 'ल माँद', 'एल पाइस' या पाच प्रकाशनांनी त्यांतल्याच सामग्रीवर बातम्या केल्या.

ओबामांच्या न्यायखात्याने असांज यांच्यावर खटल्याचा विचार केला आणि तो थांबवला. त्यांच्यापुढची अडचण साधी होती: असांज यांना पकडायचं तर त्याच तर्काने 'न्यूयॉर्क टाइम्स'लाही पकडावं लागेल. ट्रम्प सरकारला ही अडचण वाटली नाही. एप्रिल २०१९ मध्ये असांज यांना, त्यांनी आश्रय घेतलेल्या लंडनच्या इक्वेडोर दूतावासातून, बाहेर काढलं गेलं तेव्हा आरोप एकच होता, संगणकात शिरण्याच्या कटाचा: पासवर्ड फोडायला मॅनिंगना मदत करू पाहिली. तो खरा असेल तर ते पत्रकाराचं काम नव्हे, यावर फारसा वाद नाही. पण मे महिन्यात एस्पिओनाज ॲक्टचे १७ आरोप जोडले गेले. एकूण १८, कमाल शिक्षा १७५ वर्षं. पुढे बायडेन सरकारनेही हा खटला मागे घेतला नाही.

या १७ आरोपांत काय होतं ते नीट वाचण्यासारखं आहे. बहुतेक आरोप कागद मिळवण्याबद्दलचे आहेत: माहिती मागितली, देणाऱ्याला उत्तेजन दिलं, ती स्वीकारली. शोधपत्रकारिता करणारा कुणीही हे रोज करतो. शेवटचे तीन आरोप तर निव्वळ प्रकाशनाचे आहेत, ज्या कागदांत अमेरिकी सैन्याला मदत करणाऱ्या स्थानिक लोकांची नावं होती ते इंटरनेटवर ठेवल्याबद्दल.

नावांचा मुद्दा झटकून टाकता येणार नाही. सप्टेंबर २०११ मध्ये विकिलीक्सने सगळ्या तारा नावांसकट खुल्या केल्या तेव्हा सोबत काम केलेल्या पाचही प्रकाशनांनी त्याचा निषेध केला. माझ्या मते तो निषेध योग्य होता. ज्या अफगाण दुभाष्याचं नाव बाहेर येतं, त्याच्या जिवाचा विचार छापणाऱ्याने केलाच पाहिजे. पण खटल्याच्या दृष्टीने पाहा. नावं असलेले कागद एवढीच मर्यादा आरोपपत्रात होती. कायद्यात ती नाही. या वेळच्या फिर्यादी वकिलांनी ती स्वतःहून घातली. पुढचा वकील ती घालायला बांधील नाही. एकही नाव नसलेला, एकाचाही जीव धोक्यात न घालणारा, केवळ सरकारचा खोटेपणा दाखवणारा कागद याच कलमात तितक्याच सहज बसतो. आणि सायपानच्या न्यायाधीश रमोना मॅंग्लोना यांनी शिक्षा सुनावताना नोंदवलं की या प्रकरणात कुणी वैयक्तिक बळी पुढे आलेला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच पाच प्रकाशनांनी एकत्र पत्र लिहून खटला मागे घ्यायची मागणी केली होती. असांज यांच्या वागण्याशी असलेला त्यांचा मतभेद संपला नव्हता, पण प्रकाशन हा गुन्हा नाही यावर त्यांचं एकमत होतं.

ब्रिटनमधल्या प्रत्यार्पणाच्या लढाईतून आणखी एक गोष्ट बाहेर आली, जिची चर्चा हवी तेवढी झाली नाही. जानेवारी २०२१ मध्ये न्यायाधीश व्हेनेसा बॅरेट्सर यांनी असांज यांना अमेरिकेला द्यायला नकार दिला, पण तो त्यांच्या मानसिक आरोग्याच्या आणि आत्महत्येच्या धोक्याच्या कारणाने. मुद्रणस्वातंत्र्याचा युक्तिवाद त्यांनी फेटाळला होता. तो नकारही वरच्या न्यायालयाने डिसेंबरमध्ये फिरवला. पुढे प्रश्न आला की असांज ऑस्ट्रेलियन, मग अमेरिकी न्यायालयात त्यांना पहिल्या घटनादुरुस्तीचा आधार घेता येईल का? परकीय नागरिकाला तो नाही, असा युक्तिवाद आपण करू शकतो, असं अमेरिकी फिर्यादी पक्षाने म्हटलं होतं. मे २०२४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर अपिलाची परवानगी दिली, आणि महिन्याभरात कबुलीचा समझोता झाला. याचा अर्थ जगातल्या कुठल्याही पत्रकाराने समजून घ्यायला हवा: अमेरिकेचा हेरगिरी कायदा सीमेपलीकडच्या माणसापर्यंत पोचतो, पण त्याच देशाच्या घटनेचं संरक्षण त्याच्यापर्यंत पोचेल याची हमी नाही.

कबुली देताना असांज यांनी न्यायालयात सांगितलं की पहिली घटनादुरुस्ती आणि एस्पिओनाज ॲक्ट एकमेकांशी विसंगत आहेत असं आपलं मत आहे, पण असा खटला जिंकणं अवघड होतं हेही आपण मान्य करतो. समझोत्याने झालेल्या शिक्षेतून पुढच्या न्यायालयांवर बंधनकारक असा निकाल तयार होत नाही. तरी फिर्यादी वकिलांना आता ठाऊक आहे की हा मार्ग चालतो.

मग ठरवायचं कुणी?

सरकारच्या बाजूने विचारला जाणारा सर्वांत वजनदार प्रश्न असा: कुठलं गुपित उघड करायचं हे ठरवायला संपादकांना निवडून कुणी दिलं? निवडून आलेलं सरकार निदान जबाबदार असतं.

प्रश्न रास्त आहे. पण प्रत्यक्षात काय घडतं ते पाहू. बहुतेक मोठी वर्तमानपत्रं अशी बातमी छापण्याआधी सरकारला विचारतात, तपशील गाळतात, कधी थांबतातही. विनापरवाना फोन ऐकण्याच्या बुश सरकारच्या कार्यक्रमाची बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने सरकारच्या विनंतीवरून वर्षभराहून जास्त काळ रोखली आणि डिसेंबर २००५ मध्ये छापली. मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक होऊन गेली होती. दुसरी गोष्ट अशी की सरकारचं जबाबदार असणं लोकांना माहिती असण्यावरच उभं आहे. जे मतदाराला कळलंच नाही, त्याचा जाब तो मतपेटीतून विचारणार कसा?

दुसऱ्या देशांनी काय केलं, हेही पाहायला हवं. ब्रिटनमध्ये १९८५ मध्ये क्लाइव्ह पाँटिंग या अधिकाऱ्यावर खटला चालला. फॉकलंड युद्धात 'बेलग्रानो' ही अर्जेंटिनाची युद्धनौका बुडवण्याबद्दलचे कागद त्यांनी एका खासदाराला दिले होते. देशाचं हित म्हणजे त्या वेळचं सरकार म्हणेल ते, असं न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितलं. ज्यूरीने तरीही पाँटिंग यांना निर्दोष सोडलं. सरकारने त्यावरून उलटाच धडा घेतला: १९८९ च्या नव्या कायद्यात जनहिताच्या बचावाला जागाच ठेवली नाही.

जर्मनीची वाट वेगळी. ऑक्टोबर १९६२ मध्ये 'डेर श्पीगल'ने नाटोच्या लष्करी सरावाच्या आधारे देशाच्या संरक्षणाची तयारी तोकडी असल्याचं छापलं. पोलिसांनी कार्यालयावर धाड घातली, प्रकाशक रुडॉल्फ आउगश्टाइन यांना १०३ दिवस कोठडीत ठेवलं. लोक रस्त्यावर आले, संरक्षणमंत्री फ्रान्झ योझेफ श्ट्राउस यांना पद सोडावं लागलं आणि खटला उभाच राहिला नाही. पुढे २०१२ मध्ये जर्मनीने कायदा बदलून स्पष्ट केलं की फुटलेली सरकारी माहिती स्वीकारणं, तिचा अभ्यास करणं आणि प्रसिद्ध करणं, एवढ्यावरून पत्रकाराला गुपित फोडण्यातला साथीदार मानता येणार नाही. कॅनडाच्या कायद्यात तर काही मर्यादांसह आतल्या माणसालाही जनहिताचा बचाव मांडता येतो. या देशांचं सुरक्षेचं गणित त्यामुळे कोलमडलेलं नाही.

अमेरिकेत मात्र संरक्षण सरकारच्या मर्जीवर राहिलं. न्यायखात्याने २०२१ मध्ये, बायडेन यांच्या काळात, पत्रकारांचे फोन आणि ईमेल जप्त करण्यावर कडक मर्यादा घातल्या आणि २०२२ मध्ये त्या नियमांत उतरवल्या. एप्रिल २०२५ मध्ये ॲटर्नी जनरल पॅम बाँडी यांनी ते संरक्षण काढून घेतलं. एका सरकारचं धोरण दुसरं सरकार सहीनिशी पुसू शकतं, एवढीच धोरणाची ताकद. पत्रकाराला आपलं सूत्र उघड न करण्याचा हक्क देणारं विधेयक, प्रेस ॲक्ट, जानेवारी २०२४ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडलं. ते मंजूर झालं असतं तरी फक्त सूत्रं वाचली असती. कलम ७९३ मधला एकही शब्द बदलला नसता. तो बदलायचा प्रयत्न करणारं विधेयक प्रतिनिधी रो खन्ना आणि सिनेटर रॉन वायडन यांनी २०२० मध्ये मांडलं होतं. ज्याने गुप्ततेचा करार केला आहे त्याच्यावर मुख्यतः या कलमाचा भार राहावा आणि बाहेरच्या पत्रकाराला त्यातून वगळावं, असा त्याचा रोख होता. २०२२ मध्ये ते पुन्हा मांडलं गेलं. दोन्ही वेळा ते मंजूर झालं नाही, आणि १९५० मध्ये घातलेली ती भर आजही कायद्यात आहे.